मदत हवी आहे: एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) आहे, छातीभोवती अचानक आवळल्यासारखं होतंय

नमस्कार मंडळी, मी खानापूरची. एमएस होऊन 6 वर्षं झाली. परवा बेळगावच्या बसमध्ये उभी होते, तर छातीभोवती कुणी काथ्याची दोरी आवळावी तसं झालं. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो. ईसीजी नॉर्मल, ताप नाही. उकाड्यानं किंवा लघवीच्या इन्फेक्शननं जुनी लक्षणं डोकं वर काढतात आणि 24 तासांहून जास्त टिकलं तर रिलॅप्स (आजाराचा नवा झटका) असू शकतो, एवढं ठाऊक आहे. पण हे नवीनच, आणि आज तिसरा दिवस. (सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्यात!) न्यूरोलॉजिस्टची वेळ सोमवारची. असं कुणाला झालंय? थांबलात की लगेच गाठलंत? आणि तिथल्या नर्सबाईंना कन्नडमध्ये ‘आवळल्यासारखं’ कसं सांगू?