कॅल्विन जॉन्सन तिशीत थांबला. बरोबर केलं का?

नोव्हायकर:

परवा लेकाच्या फ्लॅग फुटबॉलच्या सरावाला उभा होतो. त्याच्या अंगात कॅल्विन जॉन्सनची ८१ नंबरची जर्सी होती. शेजारचे एक मराठी गृहस्थ ती बघून म्हणाले, "हा तर डाव अर्ध्यावर सोडून गेलेला माणूस." ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने लांब फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा; त्यातून पुढे सरकलेलं अंतर यार्डांत मोजतात, आणि चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचणं म्हणजे टचडाउन. कॅल्विन जॉन्सन जॉर्जिया टेक विद्यापीठाचा, सहा फूट पाच इंच उंच. २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, आपल्या डेट्रॉइट लायन्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. 'मेगाट्रॉन' हे नाव सहकारी रॉय विल्यम्सने पाडलं. नऊ हंगाम, सगळे लायन्सकडूनच. ७३१ झेल, ११,६१९ यार्ड, ८३ टचडाउन. मार्च २०१६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला.

माझं मत सरळ आहे. त्याने बरोबर केलं, आणि त्याला पळपुटा म्हणणाऱ्यांनी २००८ चा हंगाम आठवावा. लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. चेंडू फेकायला कधी किटना, कधी ऑर्लोव्हस्की, कधी कल्पेपर. त्यातही या पोराने १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन काढले. २०१२ मध्ये १,९६४ यार्ड करून त्याने जेरी राइसचा १९९५ पासूनचा १,८४८ चा विक्रम मोडला. संघ किती जिंकला? चार सामने. २०२१ मध्ये रॅम्सचा रिसीव्हर कूपर कप याला एक सामना जास्त मिळाला, तरी तो १,९४७ पर्यंतच पोचला. अशा माणसाने या संघाला आणखी काय द्यायचं राहिलं होतं?

दादर ते डिअरबॉर्न:

ते गृहस्थ मीच. तुमच्या लेकासमोर बोलायला नको होतं, त्याबद्दल मनापासून माफी. पण मत कायम आहे.

लॅरी फिट्झजेराल्ड या रिसीव्हरकडे बघा. ॲरिझोना कार्डिनल्स हा काही जिंकणाऱ्यांचा संघ नव्हता. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात एकदाच पोचले, तोही हरले. त्याच्या वाट्यालाही क्वार्टरबॅक बदलत राहिले. तरी तो सतरा हंगाम तिथेच राहिला, १,४३२ झेल घेतले, १७,४९२ यार्ड काढले. जॉन्सनने २०१२ मध्ये आठ वर्षांच्या, १३ कोटी २० लाख डॉलरपर्यंत जाणाऱ्या करारावर सही केली होती. तो करार निम्मा होतो न होतो तोच हा निघाला. बरं, शेवटच्या हंगामात ८८ झेल आणि १,२१४ यार्ड. म्हणजे खेळ संपला होता असंही नाही. क्वार्टरबॅक स्टॅफर्डला एकटं टाकून गेला, हे मला आजही खटकतं.

मेधा फिजिओ:

खेळ संपला नव्हता, शरीर संपत आलं होतं. आकड्यांत ते दिसत नाही.

मी रोज घोटे आणि गुडघे बघते, म्हणून सांगते. चेंडू डोक्यावरून येत असतो, त्यामुळे रिसीव्हरची नजर वर. पाय कुठे पडणार हे त्याला दिसतच नाही. १०७ किलोचं शरीर उंच उडतं आणि बऱ्याचदा एकाच पायाच्या बाहेरच्या कडेवर उतरतं. पाय टेकतो न टेकतो तोच समोरचा मांडीत खांदा घालतो. पाऊल गवतात रुतलेलं आणि वरचं सगळं शरीर फिरलेलं, असा तो क्षण असतो. घोट्याचं लिगामेंट असं एकदा ताणलं तर भरून येतं. वर्षानुवर्षं ताणत राहिलं की सांधा ढिलाच राहतो, मग माणूस सकाळी पलंगावरून उतरताना आधी भिंत धरतो. २०१३ च्या हंगामानंतर जॉन्सनच्या गुडघ्यावर आणि बोटावर शस्त्रक्रिया झाली, २०१४ मध्ये घोट्यामुळे सामने हुकले. डोक्याला बसलेल्या माराबद्दल आणि वेदनाशामक गोळ्या किती सहज मिळायच्या याबद्दल तो स्वतः नंतर मुलाखतींत मोकळेपणाने बोलला आहे.

दादा, तिशीतल्या माणसाने "आता पुरे" म्हटलं तर त्यात पळपुटेपणा कुठे आला?

आकडेमोड:

मी जॉन्सनचा विरोधक नाही, पण मला वेगळाच प्रश्न पडतो. २०२१ मध्ये तो पात्र होताच पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला. दुसरा रिसीव्हर टेरेल ओवेन्सचे १५,९३४ यार्ड आणि १५३ टचडाउन, त्याला तिसऱ्या वर्षापर्यंत ताटकळत ठेवलं. ८३ टचडाउनवाला एका झटक्यात आत, १५३ वाला दाराशी उभा. ही दोन मापं झाली. जो लवकर थांबतो त्याची उतरती वर्षं कुणाला दिसत नाहीत, त्याचा फायदा त्याला मिळतो. राइस वीस हंगाम खेळला, चाळिशी ओलांडून खेळला. ते कष्ट आपण फुकटात काढायचे का?

नोव्हायकर:

ओवेन्सवर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण तो त्याच्या स्वभावावरून मतदारांनी केलेला अन्याय आहे, त्याचं बिल जॉन्सनच्या नावावर का फाडायचं? आणि आकडेच हवे असतील तर सामन्यामागे यार्ड काढा. जॉन्सन ८६, राइस ७६ च्या आत.

शिवाय काही गोष्टी बेरजेत येत नाहीत. ऑक्टोबर २०११, डॅलसमध्ये. लायन्स २७-३ ने मागे होते. चेंडू हवेत, आणि खाली डॅलसचे तिघे त्याची वाट बघत उभे. जॉन्सन त्या तिघांच्या मधून वर गेला आणि टचडाउन घेऊनच उतरला. सामना ३४-३० ने जिंकला. त्याच डॅलसविरुद्ध २०१३ मध्ये एका सामन्यात ३२९ यार्ड. एका सामन्यात याहून जास्त फक्त फ्लिपर अँडरसनचे, ३३६, आणि त्याला जादा वेळ मिळाला होता.

गोरेगावची स्मिता:

आणि तो शिकागोचा झेल! सप्टेंबर २०१०, शेवटचं अर्धं मिनिट. उंच उडी मारून झेलला, दोन्ही पाय टेकले, खाली बसला, आणि उठताना हातातला चेंडू जमिनीला लागून सुटला. पंचांनी झेलच नाकारला, सामना १९-१४ ने गेला. पडतानाही चेंडू शेवटपर्यंत हातात राहायला हवा, हा नियम पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि बदलायला २०१८ उजाडलं. तोवर तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मला अजून तो झेल बघितला की घशाशी येतं.

ट्रॉयचे काका:

मी या वादात थोडं आडवळणाने येतो. २००९ साली माझी नोकरी गेली. ज्या कंपनीत अकरा वर्षं ड्रॉइंग तपासली तिथून एका खोक्यात सामान भरून बाहेर पडलो. त्या वर्षी क्रायस्लर आणि जनरल मोटर्सची दिवाळखोरी झाली, चार वर्षांनी डेट्रॉइट शहराचीच झाली. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरावर विक्रीची पाटी. रविवारी दुपारी आम्ही सहा-सात जण एकाच्या तळघरात जमायचो. पोहे आणि चहा व्हायचा. लायन्स हरणार हे ठरलेलंच असायचं. पण मेगाट्रॉन एकदा तरी उडणार, हेही ठरलेलं. तेवढ्यासाठी आम्ही बसायचो.

म्हणून तो गेला तेव्हा मला दादरवाल्यांसारखंच वाटलं होतं, आपलं माणूस सोडून गेल्यासारखं. राग ओसरला तो पुढचं कळल्यावर. लायन्स क्लबने त्याच्याकडून साइनिंग बोनसपैकी, म्हणजे करार करताना दिलेल्या पैशांपैकी दहा लाखांहून जास्त डॉलर परत घेतले. १९९९ मध्ये लायन्सचाच बॅरी सँडर्स थांबला तेव्हाही हेच केलं होतं. उलट २०१९ मध्ये कोल्ट्स संघाचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक एकोणतिसाव्या वर्षी थांबला, तेव्हा कोल्ट्सनी वसुलीचा हक्क असूनही एक डॉलर मागितला नाही. हाडं मोडून राबलेल्या माणसाला निघताना हिशेब दाखवायचा, हे मी अनुभवलं आहे. ते विसरता येत नाही.

दादर ते डिअरबॉर्न:

काका, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. वसुलीच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने. करारात लिहिलं असेल, पण सगळं लिहिलेलं वसूल करायचं नसतं.

तरी एक मुद्दा सोडत नाही. संघ नको होता तर दुसरीकडे जायचं. स्टॅफर्डने २०२१ मध्ये तेच केलं, आणि पहिल्याच हंगामात रॅम्सकडून सुपर बोल जिंकला.

मेधा फिजिओ:

जॉन्सनने करारातून सोडवणूक मागितली होती, दादा. लायन्सनी नाही म्हटलं, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलं. मग खेळायचं तर इथेच, नाहीतर घरी. त्याने घर निवडलं.

आकडेमोड:

हे मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचे, दोनच सामने, दोन्ही हरलेले. त्यातल्या सेंट्सविरुद्धच्या सामन्यात एकट्याचे २११ यार्ड. आता बेरीज वेगळी दिसते. ओवेन्सबद्दलचं म्हणणं मात्र तसंच आहे.

दादर ते डिअरबॉर्न:

सोडवणूक मागितल्याचं मलाही ठाऊक नव्हतं. 'अर्ध्यावर सोडला' हा शब्द मागे घेतो. फिट्झजेराल्ड माझ्यासाठी मोठाच राहील.

जानेवारी २०२४ मध्ये मी लायन्सच्या मैदानावर, फोर्ड फील्डला होतो. समोर रॅम्स, आणि त्यांच्याकडून चेंडू फेकायला आपलाच स्टॅफर्ड. लायन्स २४-२३ ने जिंकले, बत्तीस वर्षांनी प्लेऑफमधला पहिला विजय. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा उभेच राहिले नाहीत. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. पाठीवर ८१, आकडे धुऊन धुऊन तडकलेले. नोव्हायकर, तुमच्या लेकाला त्यांच्याबद्दल सांगा. पुढच्या शनिवारी सरावाला मी येतोच आहे.