वाड्यांचा संग्रह फेसबुकवरून हलवायचाय: स्वतःची साइट की विकेंद्रित जाळं?

पेठकरी:
कसबा, शनिवार, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांचे सुमारे ९०० फोटो आणि नोंदी आमच्या मंडळाच्या फेसबुक पेजवर आहेत. यातले कितीतरी वाडे आता पाडलेत. संग्रह कुठे हलवावा: मॅस्टोडॉन (अनेकांच्या वेगवेगळ्या सर्व्हरवर मिळून चालणारं सोशल मीडिया), आयपीएफएस (अनेकांच्या संगणकांवर फाइली ठेवणारं जाळं) अशी विकेंद्रित जाळी, की साधी वेबसाइट?

डीएनएसवाला:
आधी डोमेन, म्हणजे साइटचं स्वतःचं नाव, घ्या. फाइली कुठेही असोत, पत्ता आपल्या ताब्यात हवा. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं तेव्हा बाहेरून दिलेले दुवेही मेले. डोमेन आपलं असलं की होस्टिंग (फाइली ठेवायची भाड्याची जागा) बदलताना डीएनएसमधली, म्हणजे कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या यादीतली, नोंद तेवढी बदलायची, लिंक तीच राहते. नोंदणी मंडळाच्या ईमेलवर करा. कार्यकर्त्याच्या ईमेलवर केली आणि तो मंडळातून गेला, तर नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडेच जात राहते आणि मुदत संपली की नाव हातचं जातं.

लिंकमध्ये देवनागरी नको. कॉपी केलेल्या लिंकमध्ये देवनागरी अक्षरं % चिन्हाच्या लांबलचक संकेतांत बदलतात, त्यामुळे नुसत्या ‘वाडा’ची बहुतेक वेळा ३६ चिन्हं होतात. रोमनमध्ये छोटं नाव आणि क्रमांक पुरे.

बाइटबखर:
फेसबुकवरून माहिती उतरवताना एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारी पानं) निवडा. जेसनमध्ये (प्रोग्रॅमना वाचायच्या स्वरूपात) देवनागरीचा प्रत्येक बाइट सुटं अक्षर म्हणून येतो, त्यामुळे मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हापुन्हा दिसतो. जेसनच उतरवलं असेल तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकूर लॅटिन-१ ने एन्कोड करून यूटीएफ-८ ने डीकोड करा (दोन्ही अक्षरं साठवायच्या पद्धती आहेत), मराठी जशीच्या तशी परत येते.

फोटो मात्र तिथले घेऊ नका. अपलोड होतानाच ते लहान होतात आणि कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख फाइलीतून निघून जाते. ज्यांनी काढले त्यांच्याकडून मूळ फाइली मागवा, त्याही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नकोत, पेन ड्राइव्हवर. वाडाच उरला नसेल तर ती तारीख फार मोलाची आहे.

पेठकरी:
मग विकेंद्रित जाळ्याचा उपयोगच नाही का?

डीएनएसवाला:
आहे, पण लोकांपर्यंत पोचवायला, जपायला नाही. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. आयपीएफएसवर फाइल कुणी पिन करून, म्हणजे आपल्या संगणकावर राखून, ठेवलीच नाही तर पत्ता उरतो, फाइल सापडत नाही. म्हणजे सांभाळायला माणूस लागतोच.

ह्यूगोसारख्या साधनाने साधी एचटीएमएल पानं बनवा, डेटाबेसची गरज नाही. नोंद आधी साइटवर टाका, मग तिची लिंक फेसबुक आणि मॅस्टोडॉनवर. पानं वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करा, आणि मूळ फोटोंच्या दोन हार्ड डिस्क दोन वेगळ्या घरी ठेवा. फेसबुक पेज बंद करू नका, जुने वाचक तिथेच आहेत.