एक-चौदाचा ऑनलाईन उतारा असताना शिक्का का मागतात?

डिचोलीकर:
नमस्कार. वडिलांच्या नावावरील कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागायतीचा) एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा, मी 'गोवा ऑनलाईन' पोर्टलवरून शुल्क भरून काढला. त्यावर डिजिटल सही आहे. अनुदानाच्या अर्जासोबत तो जोडला असता, संबंधित कचेरीतून "सही-शिक्क्याचा उतारा आणा" असे उत्तर मिळाले. उतारा देणारे खाते सरकारचेच आणि तो नाकारणारी कचेरीही सरकारचीच, असे असताना या डिजिटल सहीला कायद्याने काही किंमत आहे की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वकिली पेशातील एक सदस्य:
किंमत निश्चितच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 4 ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी दस्तऐवजाचे आणि कलम 5 ने इलेक्ट्रॉनिक सहीला हाताच्या सहीचे स्थान दिलेले आहे. मात्र आपण नेमके काय सादर केले, हे आधी तपासावे. भूमापन व भूमी अभिलेख संचालनालयाच्या संकेतस्थळावर जो उतारा कोणालाही विनाशुल्क पाहता येतो, तो केवळ माहितीसाठी असतो. त्याची छापील प्रत नाकारली गेली तर तक्रारीला जागा नाही. शुल्क भरून मिळालेला डिजिटल सहीचा उतारा ही वेगळी गोष्ट. त्यातही एक खाचखळगा असा की डिजिटल सही पीडीएफ फाईलमध्ये असते, त्यामुळे फाईलमध्ये एक अक्षर बदलले तरी ती अवैध ठरते. परंतु तीच फाईल कागदावर छापली की सहीचे फक्त चित्र उरते आणि त्या चित्राकडे पाहून खरे-खोटे ठरवता येत नाही. म्हणून मूळ फाईल ई-मेलने पाठवावी, अथवा उताऱ्यावर पडताळणीसाठी छापलेला क्रमांक किंवा क्यूआर कोड त्यांनीच तपासावा अशी लेखी विनंती करावी.

निवृत्त कारकून:
वरील कायदेशीर खुलासा योग्य आहे, पण टेबलाच्या अलीकडच्या बाजूने दोन शब्द सांगतो. लेखापरीक्षणात फाईल उघडली जाते तेव्हा कागद कोणी पाहून घेतला, हे विचारले जाते. शिक्का असला की जबाबदारी शिक्का मारणाऱ्यावर जाते. संगणकावरून निघालेल्या कागदावर ती आपल्यावर येईल, अशी भीती कनिष्ठ कर्मचाऱ्याला वाटते, आणि ती अगदीच निराधार नसते, कारण पोर्टल सुरू करताना कोणता कागद कसा स्वीकारावा याचे परिपत्रक प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचलेले असतेच असे नाही. तेव्हा वाद न घालता, "संकेतस्थळावर पडताळून पाहिले" एवढा शेरा तारीख आणि सहीसह प्रतीवर लिहिण्याची विनंती करावी. अशा शेऱ्याने दोघांचेही काम होते. तरीही नकार आल्यास कारण लेखी मागावे. लेखी नकार देण्याची वेळ आली की पुष्कळदा नियम सापडतो, हा माझा नोकरीतला अनुभव.

सत्तरीची वाचक:
शिक्क्यापेक्षा उताऱ्यातील मजकुराची चिंता अधिक करावी, असे मला वाटते. गोवा भू-महसूल संहिता, 1968 च्या कलम 105 नुसार हक्कनोंदीतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते; त्यामुळे चुकीची नोंदसुद्धा पोर्टलवर तितक्याच रुबाबात झळकते. ज्या घरांत आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटरी (वारसांमधील मालमत्तेच्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) झालेली नाही आणि म्युटेशनही (नोंदीतील नावाचा फेरफार) झालेले नाही, त्यांच्या उताऱ्यावर आजोबांचेच नाव राहणार, मग तो काही क्षणांत मिळो वा महिन्याने. आमच्याकडे तर आल्वारा आणि मोकासो, म्हणजे जुन्या राजवटीत दिल्या गेलेल्या, जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या अनेकांचे नाव नोंदीत येण्याचा प्रश्नच अजून सुटायचा आहे. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी 2022 मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, हेही विसरू नये. आपल्या वडिलांचे नाव कब्जेदाराच्या रकान्यात बरोबर आहे ना, हे पाहून ठेवावे.

आयटी क्षेत्रातील सदस्य:
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. अर्जात सर्व्हे क्रमांक दिलेला असताना कचेरीने उतारा अर्जदाराकडे मागावाच का? एस्टोनियात 2001 पासून एक्स-रोड नावाच्या प्रणालीतून सरकारी खाती एकमेकांकडून माहिती परस्पर घेतात आणि एकदा दिलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही, हे तेथील प्रशासनाचे तत्त्व आहे. आपल्याकडे 2015 मध्ये आलेले डिजिलॉकर, म्हणजे दस्तऐवज ऑनलाईन ठेवण्याची केंद्र सरकारची सोय, हे त्याच दिशेचे पाऊल आहे. 2017 च्या नियमदुरुस्तीनंतर त्यात खात्याने थेट दिलेला दस्तऐवज मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः स्कॅन करून ठेवलेल्या प्रतीला मात्र तो दर्जा नाही. आपल्याकडे कागद संगणकावर गेला, पण तो वाहून नेण्याचे काम नागरिकाकडेच राहिले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

डिचोलीकर:
सर्वांचे आभार. उतारा शुल्क भरून काढलेलाच आहे आणि वडिलांचे नाव रकान्यात बरोबर आहे. मूळ फाईल आज ई-मेलने पाठवतो आणि प्रतीवर पडताळणीचा शेरा लिहिण्याची लेखी विनंती सोबत जोडतो. उत्तर आले की येथे कळवीन.