काकांना फेलो केलंय, पण पैसे मागतायत!

द्राक्षपंढरी: काका नाशिकला वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाले. द्राक्षावरच्या डावणी या बुरशीजन्य रोगावर आयुष्यभर काम. परवा मेल आला, 'आमच्या विज्ञान संस्थेचे फेलो म्हणून आपली निवड झाली, पंधरा हजार भरा.' काकांनी पेढे आणले. मला मात्र पाल चुकचुकली. फेलो म्हणजे कामाचा मान म्हणून निवडलेला सदस्य ना? मग पैसे मागून अशी निवड होते का?

मास्तर_गंगापूररोड: पेढे खा, पैसे भरू नका. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापलेल्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचंच बघा. तिथे आपण अर्ज करत नाही. आधीचे फेलो नाव सुचवतात, त्या विषयातले लोक काम तपासतात, मग फेलो मतदान करतात. बरेचदा नाव सुचवूनही निवड होत नाही. पैसे भरून मिळतं ते सभासदत्व. त्यात वाईट काही नाही, पण त्याला निवड म्हणू नये.

जुनी_वही: लंडनच्या रॉयल सोसायटीतही फेलोंनीच नाव सुचवावं लागतं. तिथले भारतीय फेलो म्हटलं की सगळ्यांना १९१८ मध्ये निवडलेले गणितज्ञ रामानुजन आठवतात. पण मुंबईचे जहाजबांधणी करणारे अर्देशीर कर्सेटजी १८४१ मध्येच निवडले गेले होते.

द्राक्षपंढरी: काकांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अर्धा किलो आणले होते रे."