रोज कुड्या घालणाऱ्या बहिणीला शोभतील असे इअरबड्स सुचवा (बजेट ७ हजार)

थोरली_परभणी

माझी धाकटी बहीण जूनपासून पुण्यात नोकरीला लागली. पहिल्यांदाच घर सोडून गेलीये. महालक्ष्म्यांना परभणीला येईल तेव्हा तिला चांगले इअरबड्स द्यायचेत. आवाजाबद्दल सगळीकडं भरपूर वाचायला मिळालं, मला विचारायचंय ते दिसण्याबद्दल.

ती रोज कुड्या घालते. आजीच्या आहेत, सात मोत्यांच्या, झोपतानाही काढत नाही. मैत्रिणीचे लांब दांडीचे पांढरे बड्स तिनं महिनाभर वापरून बघितले. मान वळवली की दांडी मोत्यावर आपटते आणि ती टकटक थेट कानात ऐकू येते. शिवाय तिचं म्हणणं, "ताई, कुडीशेजारी ती पांढरी कांडी बघवत नाही." फोटो बघून मलाही पटलं. जुने मोती जरा पिवळसर झालेले, सोन्याच्या तारेत बसवलेले, आणि त्यांच्या बाजूला ट्यूबलाइटसारखा पांढरा रंग.

रोज ऑफिसच्या बसनं येऊन-जाऊन अडीच तास जातात. डोक्यावरून घ्यायचा मोठा हेडफोन बरा पडेल का? वेणी असते, कधी आंबाडा.

गोदाकाठ

ताई, कानात घातल्यावर तिला स्वतःला तर ते दिसणार नाहीत. आवाज आणि बॅटरी बघून घ्या, रंगाचं एवढं मनावर घेऊ नका.

औसा_रोड

गोदाकाठ दादा, चष्म्याची फ्रेम आपण नुसता नंबर बघून घेतो का? अडीच तास चेहऱ्यावर राहणारी वस्तू आहे. ताईंचा प्रश्न अगदी योग्य आहे.

मी लातूरला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून दांडीचं आधी सांगतो. ती शोभेसाठी आलेली नाही. दांडीच्या टोकाला मायक्रोफोन असतो. तो जितका खाली, तितका तोंडाजवळ, आणि फोनवर बोलणं तितकं स्वच्छ जातं. दुसरं म्हणजे ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं, त्यामुळं अँटेना डोक्यापासून जरा बाहेर असलेला बरा. ॲपलनं २०१६ मध्ये एअरपॉड्स आणले तेव्हा त्या दांडीला लोक नावं ठेवत होते. सॅमसंगनं २०२० मध्ये घेवड्याच्या दाण्यासारखे बिनदांडीचे बड्स लाइव्ह काढले. दिसायला ते मला आजही सगळ्यांत सुंदर वाटतात. पण २०२४ च्या बड्स३ ला सॅमसंगनंही दांडीच दिली. म्हणून दांडी नकोच असं म्हणू नका, आखूड दांडी शोधा.

पांढऱ्या रंगालाही इतिहास आहे. १९७९ च्या सोनी वॉकमनसोबतच्या हेडफोनला नारिंगी फोमच्या गाद्या होत्या. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या कानावर त्या लांबूनही ओळखू याव्यात इतका भडक रंग. २००१ च्या आयपॉडबरोबर पांढरी वायर आली. बहुतेकांच्या वायरी काळ्या होत्या, त्यात ही पांढरी उठून दिसायची आणि तीच ओळख झाली. आज निम्म्या कानांत पांढरंच दिसतं, तरी तो रंग चिकटून राहिलाय. कुडीशेजारी तो डोळ्यांत खुपणारच, कारण उठून दिसणं हीच त्याची ओळख आहे.

मोठ्या हेडफोनबद्दल म्हणाल तर वजन बघा. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा, ॲल्युमिनियमच्या वाट्या असलेला एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास. दोन्ही तुमच्या बजेटबाहेरचे आहेत, पण धातू किती वजन वाढवतो ते यातून कळतं. आणि कुडीवर गादी दाबून बसली की मळसूत्र कानामागं टोचतं. माझ्या बायकोनं अर्ध्या तासात काढून ठेवला होता.

पैठणगेट_काउंटर

ताई, मी अकरा वर्षं संभाजीनगरला मोबाइल ॲक्सेसरीजच्या काउंटरवर उभा राहायलोय. गिऱ्हाईक डबी बघतं, झाकण दोनदा उघडझाप करतं आणि पैसे देतं. कानात घालून आरशात कुणीच बघत नाही. सोनाराकडं कुणी असं करतं का? माझ्याकडं डेमो पीस आणि हातआरसा दोन्ही ठेवलेत. स्पिरिटनं पुसून देतो आणि म्हणतो, बाजूनं बघा. समोरून सगळेच बड्स बरे दिसतात, खरं रूप बाजूनं कळतं.

आता वरच्या थराचं सांगतो, कारण रंगापेक्षा तिथंच लई जण फसतात. चकचकीत काळी डबी पर्समध्ये किल्ल्यांबरोबर टाकली की आठवड्यात ओरखडे दिसतात. पांढऱ्याच्या झाकणाच्या फटीत केसांचं तेल आणि पावडर बसून पिवळी रेघ तयार होते, ती पुसून जात नाही. सगळ्यांत फसवा म्हणजे रबरासारखा मऊ लेप. दुकानात हात लावला की मखमल वाटते. आपल्याकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांनंतर तोच चिकट होतो, मग धूळ आणि कापसाचे तंतू धरून ठेवतो. ओळखायचं कसं? बोट हलकं ओढून बघा. बोट अडखळलं तर लेप आहे. बारीक खरखर लागून सरकलं तर प्लास्टिकलाच पोत दिलाय, तो टिकतो.

पारदर्शकची आता फॅशन आहे. नथिंगनं २०२१ मध्ये इअर १ आणले, आतले भाग उघडे दिसतात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. उजव्या बडवर लाल ठिपका, डाव्यावर पांढरा. जुन्या टेपडेकच्या पिनांनाही हाच नियम होता, लाल उजवी, पांढरी डावी. कुर्ती-जीन्सवर हे बड्स मस्त दिसतात. कुडीबरोबर मला नाही पटत. दोन्हींत बारीक काम असतं, नजर कुठं ठरत नाही.

क्लिपवाले बघितलेत का? ते कानाच्या छिद्रात जात नाहीत, कडेला चाप लावल्यासारखे बसतात. पाळी मोकळी राहते. फक्त बहीण बुगडी घालते का ते विचारा, म्हणजे वर गर्दी होणार नाही.

उदगीरची_लेक

क्लिपला माझं पण मत, मी वापरायले. पण बससाठी घेत असाल तर ऐका. कान उघडा राहतो, बाहेरचा सगळा आवाज आत येतो. मग आपण आवाज वाढवत जातो, आणि शेजारच्यालाही थोडं ऐकू जातं. घरात, स्वयंपाक करताना, ऑफिसात उत्तम. बसमध्ये मला ते पुरत नाहीत.

रंगाबद्दल माझा एक आग्रह. आमच्या घरी बिदरीचा जुना पानदान आहे, बिदर इथून जवळच. त्याचा काळा रंग बघा, चमक अजिबात नाही, आणि त्यात चांदीची बारीक वेल. काळा मंद असल्यामुळं चांदी उजळते. बहिणीच्या कानात बघण्याजोगी वस्तू कुडी आहे. बड मंद असू द्या, नुसता मॅट, नाव लिहिलं असेल तर तेही त्याच रंगात. चांदीचे दागिने घालणारीला मी काळा सांगितला असता. सोन्याला वाळूचा किंवा फिका तपकिरी घ्या. नावाचं चकचकीत सोनेरी अक्षर असलेला अजिबात घेऊ नका, खऱ्या सोन्याशेजारी तो रंग उघडा पडतो.

थोरली_परभणी

बुगडी नाही घालत. बिदरीचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली बाई बरोबर बोलतीये. धुळीचं कुणी सांगाल का?

पैठणगेट_काउंटर

डबीवर आयपी५४ किंवा आयपी५५ लिहिलेलं बघा, पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स४ असेल तर एक्सचा अर्थ धुळीचं रेटिंग दिलेलं नाही. आणि बड्सला आयपी असलं तरी डबीला असेलच असं नाही, ते वेगळं वाचा.

थोरली_परभणी

सगळ्यांचे खूप आभार. अचानक द्यायचा विचार मी सोडून दिला आणि बहिणीला सरळ सांगितलं, कुड्या घालून दुकानात जा, आणि प्रत्येक बडचा डाव्या बाजूनं फोटो पाठव. पाच फोटो आले. आई, मी आणि काकू, तिघींनी जेवणं झाल्यावर बसून बघितले.

क्लिप दिसायला सगळ्यांत सुंदर होती, काकूंनी तर तीच धरून ठेवली होती. पण बसचं ऐकून बहीणच नको म्हणाली. शेवटी आखूड दांडीचे घेतले, वाळूच्या रंगाचे. खरखरीत मॅट, बोट ओढून बघायला लावलं मी तिला. फोटो मोठा करून बघितला, दांडी वरच्या मोत्याच्या ज्वारीच्या दाण्याएवढी वरच संपते. मान वळवून बघ म्हटलं, आवाज नाही आला. बजेटमध्ये बसले, आयपी५५ आहेत, पण डबीला नाही.

म्हणून डबीसाठी मी खणाच्या कापडाची छोटी पिशवी शिवायलेय, आतून मऊ अस्तर लावून. तोंडाला चेन लावू का टिचबटण?

उदगीरची_लेक

टिचबटण लावा ताई. चेनचे दात डबीला घासतात. आणि अस्तर सुतीच घ्या, सॅटिनमधून डबी घसरते.