पार्किंगमध्ये व्हील स्टॉपर: गुट्टी, फास्टनर की आणखी काही?

हिशेबनीस
सोसायटीत 36 गाड्यांची जागा आहे. 24 स्टिल्टमध्ये, खाली ट्रिमिक्स (पाणी शोषून घट्ट केलेली काँक्रीटची फरशी). 12 पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या स्लॅबवर, पेव्हर ब्लॉक. गाड्या मागच्या भिंतीला आणि ड्रेनेजच्या पाइपांना टेकतात. कंत्राटदार म्हणतो, सगळीकडे सिमेंटचे सहा फुटी स्टॉपर, भिंतीपासून दोन फूट, प्लास्टिकच्या गुट्ट्या ठोकून स्क्रू. बरोबर आहे का?

ओळंबा
गुट्ट्यांवर काट मारा. टायर रोज आडवा रेटा देतो, स्क्रू हलत हलत गुट्टी ढिली होते. सुटलेला स्टॉपर नसलेल्या स्टॉपरपेक्षा वाईट, कारण अंधारात पाय त्यालाच अडकतो.

सिमेंटचा 1800 × 150 × 100 मिमीचा तुकडा साधारण 65 किलोचा असतो आणि बोल्टच्या भोकाशी टवके उडतात. रबरी घ्या: 550 मिमी लांब, 100 मिमी उंच, पिवळ्या पट्ट्यांचे, एका गाडीला दोन. दोघांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 1450 मिमी ठेवा. लहान-मोठ्या बहुतेक गाड्यांची चाकं त्यात येतात. मधल्या फटीतून पाणी जातं, झाडूही फिरतो.

ट्रिमिक्समध्ये एम10 चे अँकर फास्टनर, काँक्रीटच्या आत किमान 60 मिमी. ड्रिलचा बिट फास्टनरच्या पाकिटावर लिहिलेल्याच मापाचा. ट्रिमिक्सच्या खाचेपासून आणि कडेपासून भोक 100 मिमी तरी लांब, नाहीतर कोपरा फुटतो. मग भोकातली धूळ: हवा, ब्रश, परत हवा. इथेच सगळे चुकतात. धूळ राहिली की स्लीव्ह (फास्टनरची फुगणारी नळी) पकडत नाही, नट आवळताना बोल्ट नुसता गरगरतो. जाड वॉशर घाला, रबर दबायला लागलं की थांबा. बोल्टचं डोकं स्टॉपरच्या खोबणीत पूर्ण बुडालं पाहिजे, वर राहिलं तर टायर फाडेल. तीन आठवड्यांनी पाना घेऊन पुन्हा एक फेरी.

ड्रिल लावण्याआधी ड्रेनेज आणि मीटर रूमच्या केबलचा नकाशा बघा. दोन्ही बऱ्याचदा ट्रिमिक्सखालूनच जातात.

पाना_बारा
अंतराबद्दल. टायर स्टॉपरला टेकतो तेव्हा चाकाचा मध्य स्टॉपरच्या अलीकडेच राहतो. टायरची त्रिज्या 300 आणि स्टॉपर 100 मिमी उंच असेल तर हा फरक सुमारे 220 मिमी. त्यात भर म्हणजे बंपर चाकाच्या किती बाहेर येतो, हे प्रत्येक गाडीचं वेगळं. सेडानची डिकी लांब, काही एसयूव्हींच्या मागच्या दारावर स्टेपनी. म्हणून दोन फुटांचा नियम सर्वांना लावू नका. नेहमी मागे घेऊन लावली जाणारी, सर्वात जास्त बाहेर येणारी गाडी भिंतीपासून 150 मिमीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टॉपर मागच्या टायरला सरकवून टेकवा आणि खडूने रेघ मारा. त्या रेघेवर सगळ्या ओळीची लाईनदोरी बांधा. जिथे गाड्या पुढून लावतात, तिथे हे माप नव्याने घ्यायचं.

हिशेबनीस
आणि पोडियम?

ओळंबा
तिथे ड्रिल मारूच नका. पेव्हरखाली वाळू, वाळूखाली वॉटरप्रूफिंग. आखूड फास्टनर नुसता ब्लॉक धरतो, तो ब्लॉकसकट उचकटतो. लांब मारलात तर खालच्या पार्किंगमध्ये गळती. स्लॅब पीटी (पोस्ट-टेन्शन्ड) असेल तर आत ताणलेल्या केबल असतात, त्यांना बिट लागणं म्हणजे इमारतीशी खेळ.

स्टॉपरच्या जागचे पेव्हर काढा, वाळू खरवडा, पण वॉटरप्रूफिंगवरच्या संरक्षक थराला हात लावू नका. त्यावर पेव्हरच्या वरच्या पातळीपर्यंत काँक्रीटचा पट्टा ओता, स्टॉपरचाच साचा धरून बोल्ट ओल्या काँक्रीटमध्येच रोवा. प्रत्येक चाकाचा पट्टा वेगळा, म्हणजे वाळूतलं पाणी अडत नाही. सात दिवस पाणी मारा, स्टॉपर त्यानंतर. आधी स्ट्रक्चरल कन्सल्टंटला दाखवा.

पाना_बारा
लिफ्टच्या दारासमोर, जिन्याच्या तोंडाशी आणि अग्निशमनाच्या गाडीच्या वाटेवर एकही नको. दोन गाड्यांमधून माणसं चालतात तिथे स्टॉपरचं टोक बाहेर येत नाही ना, तेही बघा.