शूबर्टचं 'रोझामुंडे' ऐकलं, पण ते नाटक लिहिणारी हेल्मिना फॉन शेझी कोण?

नौपाड्याची_श्रोती: ठाणे ते सीएसएमटी रोजचा प्रवास, महिनाभर कानात ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं रोझामुंडेच, म्हणजे त्या नावाच्या नाटकासाठी त्याने दिलेलं संगीत, चालू आहे. मूळ नाटक हेल्मिना फॉन शेझीचं, एवढं कळलं, पण जिथे वाचावं तिथे एकच, संगीत अप्रतिम आणि नाटक भिकार. जर्मन संगीतकार वेबरच्या 'ऑयरियांथे' ऑपेराचं लिब्रेटो पण तिचंच, तिथेही हाच शेरा. खरंच इतकं वाईट लिहायची का ती? आणि लिब्रेटो म्हणजे आपल्या नाट्यपदांसारखं काही असतं का?

वाशीचा_तानपुरा: नुसती पदं नाही, ऑपेराची अख्खी संहिता. आपल्याकडे पदांच्या मधे गद्य संवाद असतात, ऑयरियांथेमध्ये तेही नाहीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गायचंच, त्यामुळे कथा जरा सैल पडली की लगेच जाणवतं. आणि ही कथा गुंतागुंतीची आहे हे मान्यच करायला हवं. पण वेबरने तिच्याकडून परत परत लिहून घेतलं होतं, मग दोष एकटीचा कसा? २५ ऑक्टोबर १८२३ ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला आणि दोन महिन्यांत तिथेच रोझामुंडे आलं, ते तर दोनच प्रयोगांत बंद.

घोडबंदर_वाचक: मला तिच्या ऑपेरापेक्षा तिचं आयुष्य मोठं वाटतं. जन्म बर्लिनचा, १७८३, आजी आना लुईझा कार्श नावाजलेली कवयित्री. पॅरिसला जाऊन पत्रकारिता केली, तिथे लग्न केलं ते आंत्वान लेओनार शेझीशी, म्हणजे पुढे पॅरिसमध्ये संस्कृतचा प्राध्यापक झालेला आणि १८३० मध्ये शाकुंतल फ्रेंचमध्ये आणणारा तोच! (आपलं संगीत शाकुंतल त्यानंतर ५० वर्षांनी, १८८० ला.) संसार टिकला नाही, १८१० मध्ये दोन मुलं घेऊन वेगळी झाली. नेपोलियनच्या युद्धानंतर जखमी सैनिकांचे हाल बघून जाहीर तक्रार केली तर तिच्यावरच बदनामीचा खटला, बर्लिनला ती निर्दोष सुटली आणि तिथला न्यायाधीश कोण तर लेखक ई. टी. ए. हॉफमन. शेवटी दृष्टी जवळजवळ गेली तरी आठवणी सांगून लिहून घेतल्या तिने, १८५६ मध्ये जिनिव्हात वारली.

नौपाड्याची_श्रोती: शाकुंतलचं वाचून अंगावर काटाच आला, मनापासून आभार दोघांचे. पण मग रोझामुंडेमध्ये तिचे शब्द कुठे ऐकायला मिळतील?

वाशीचा_तानपुरा: त्यातलं 'रोमांझ' नावाचं गाणं ऐका, बाईच्या आवाजातलं, डोंगरमाथ्यावर पौर्णिमेचा चंद्र पसरलाय अशी सुरुवात आहे. शब्द तिचेच.